त्यांची गाडी मी चालवायला लागले तेव्हा

आमच्या दारात पांढरी गाडी उभी दिसली की घरधनी घरी आहे, असं गाव समजायचं. गाडी माझ्या नवऱ्याची. ते आधी सरपंच होते, आणि पद गेल्यावरही आसपासच्या गावांतल्या सोयरिकी, बांधावरची भांडणं, कुणाचं दवाखान्याचं काम, सगळ्याला त्यांनाच बोलावणं यायचं. लोक त्यांना भाऊ म्हणत. एवढं असून त्यांनी ड्रायव्हर कधी ठेवला नाही. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडून आत डोकं घालून बसायचे. मी म्हणायची, देवाला हात जोडायचं सोडून हे काय मांडलंय. ते नुसते हसायचे.

एका सकाळी ते न्हाणीतच कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून ‘हं’ आणि ‘न्हाई’ एवढे दोनच शब्द धड निघायचे. बाकी सगळ्याचा एकच घोगरा आवाज व्हायचा आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं की यांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. मला ते पटलंही होतं. तरी चार माणसं जमली की मी त्यांच्याशी लहान लेकराशी बोलावं तशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायची. का बोलायची, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मालिश आणि व्यायामासाठी त्यांना बीडला न्यावं लागायचं. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. सुरुवातीला भाड्याची जीप सांगितली. जीपचा माणूस आणि त्याचा सोबती मिळून त्यांना काखेत धरून आत टाकायचे. अंगातला सदरा वर जायचा, पोट उघडं पडायचं. ज्या माणसाच्या गळ्यात हार घालायला लोक रांगा लावायचे, त्याचं उघडं पोट बघून चौकातली माणसं मान फिरवायची. पुढच्या खेपेला त्यांनी जीपमध्ये बसायला साफ नकार दिला. डावा हात उचलून ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं बोट केलं, मग माझ्याकडं.

माझ्याकडं लायसन होतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी, घरात मी आणि सून, आणि गाडी येत होती ती मलाच. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, लेकरं मोठी झाल्यावर, त्यांनीच मला पालीच्या धरणाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर हौसेनं गाडी शिकवली होती. पण गावातून एकटीनं मी ती कधी काढली नव्हती. बॉनेट कुठून उघडतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

ताडपत्री काढली. त्यांना ओट्यावर खुर्चीत बसवलं आणि मी चावी फिरवली. टक् असा आवाज झाला आणि समोरचे दिवे मंद होऊन विझले. पुन्हा फिरवली, तेवढाही आवाज नाही. भावकीतला एक पुतण्या आपली गाडी घेऊन आला, त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं बघायला आली.

“काकू, बॅटरी बसली. लई दिवस उभी हाय ना गाडी,” तो म्हणाला. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढला होता, बुरशीसारखा. त्यानं तो पान्यानं खरवडला आणि आपल्या गाडीची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडायला वायरी काढल्या.

एवढ्यात ओट्यावरून यांचा आवाज सुरू झाला. “ला… ला…” डावा हात हवेत मारत होते, खुर्ची हलत होती.

“भाऊ कावून वरडायलेत?” कुणीतरी विचारलं.

“तहान लागली असंल,” दुसरा म्हणाला.

मी पाण्याचा गिलास घेऊन ओट्यावर धावले. त्यांनी तोंड बाजूला केलं, पाणी सदऱ्यावर सांडलं. मी सगळ्यांसमोर पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाले, “शांत बसा बरं. झालंच आता. शहाणे ना तुमी?”

माझ्या पाठीमागं फाडकन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या, जळल्याचा वास आला आणि पुतण्या हात झटकत मागं सरकला. त्यानं लाल वायर उलट्या टोकाला लावली होती. हाताला चटका बसला, वायरीचा चिमटा वितळला, गाडीतला मोठा फ्यूज उडाला. बॅटरी फुटली असती तर आतलं आम्ल त्याच्या तोंडावर आलं असतं, हे गॅरेजवाल्यानं नंतर सांगितलं.

हे ‘लाल’ म्हणत होते.

सगळ्यांना ते एकदमच कळलं. पुतण्या पायातल्या चपलेकडं बघत होता. मी हातात रिकामा गिलास घेऊन उभी होते, आणि यांनी डोळे मिटून घेतले होते. ‘शहाणे ना तुमी’ हे माझे शब्द मला परत ऐकू येत होते. दिवसभर मी त्यांच्या समोर जायचं टाळलं. जेवण सुनेच्या हातानं पाठवलं.

बॅटरी नवीन आली, फ्यूज बदलला. त्यानंतर ते मला शिकवायला लागले. म्हणजे मी विचारायची आणि ते ‘हं’ किंवा ‘न्हाई’ म्हणायचे. खुर्ची गाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, बॉनेट उघडायचं, आणि मी एकेका झाकणावर बोट ठेवायचं. हे ऑइलचं का? हं. मग मोजायची पट्टी काढून लगेच बघू? न्हाई. आधी पुसू? हं. पट्टी काढून पुसायची, परत आत घालायची आणि मग बघायची, एवढं समजायलाच आमची एक सकाळ गेली. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन थंड हवं, हे समजायला दुसरी. ब्रेकचं ऑइल कमी दिसलं तेव्हा मी वरून भरायला निघाले, तर त्यांनी जोरात ‘न्हाई’ म्हटलं. मला उलगडा होईना. शेवटी त्यांनी चाकाकडं बोट केलं, आणि गॅरेजमध्ये दाखवल्यावर ब्रेकचे पॅड पार झिजलेले निघाले.

सकाळी रस्त्यानं जाणाऱ्या बाया हे बघायच्या. भाऊंची बायको गाडीत डोकं घालून, आणि भाऊ खुर्चीत. हाताला ऑइल लागायचं, पदर खांद्यावरून घसरायचा. शेजारची एकजण म्हणालीच, “आता हेच बाकी राह्यलं व्हतं व्हय वो?” मी हसून वेळ मारून नेली, पण दुसऱ्या दिवसापासून दिवस उगवायच्या आधी बॉनेट उघडायला लागले. त्यांनी ते ओळखलं. त्यांना वाटलं, मला त्यांची लाज वाटते. मला वाटत होतं, त्यांना माझी वाटत असेल. बोलून मिटवता येण्यासारखं होतं, पण आमच्याकडं शब्द दोनच होते.

मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली ती उन्हाळ्यातली गोष्ट. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडं माझं लक्षच नव्हतं, घाटाची वळणं घेताना जीव मुठीत होता. बॉनेटमधून वाफ दिसली तशी मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बॉनेट वर केलं. मला एवढंच ठाऊक होतं की गाडीला पाणी पाहिजे. डिक्कीतून पाण्याचा कॅन काढला आणि समोर आले.

आतून हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. काचेतून बघते तर हे डाव्या सीटवरून आडवे होऊन, डाव्या हातानं स्टिअरिंगला लटकले होते. अर्धं अंग खाली घसरलेलं, गाल हॉर्नवर दाबलेला. मी धावत जाऊन दार उघडलं, त्यांना ओढून सरळ करायला लागले. तोवर मागून येणारी एक मोठी गाडी थांबली. मोटारसायकलवाले दोघं थांबले. हॉर्न ऐकून लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं.

मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस ओळखीचा निघाला. तालुक्याच्या राजकारणातला, आमच्या ओसरीवर कितीदा जेवून गेलेला. आजारपणात मात्र एकदाही फिरकला नव्हता. “अरे, भाऊ!” तो म्हणाला आणि जे दिसत होतं ते बघून दारापासून मागं सरकला. यांचा सदरा वर गेला होता, लाळ स्टिअरिंगला लागली होती. मोटारसायकलवाल्यांपैकी एकानं मोबाईल वर धरलेला मला दिसला.

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. यांच्यावर ओरडावंसंही वाटलं, की का केलंत हे, का लोक गोळा केलेत.

“वहिनी, तुम्ही व्हा बाजूला, मी बघतो,” तो माणूस म्हणाला. रुमाल हाताला गुंडाळून तो बॉनेटकडं गेला.

मी यांच्याकडं बघितलं. ते त्या माणसाच्या हाताकडं बघत होते, आणि तोंडातून घोगरा ‘न्हाई’ येत होता. परत परत तोच.

“हात लावू नका!” मी ओरडले. आवाज एवढा मोठा निघाला की तो माणूस जागच्या जागी थबकला. “ते पाण्याचं झाकण उघडू नका. ते न्हाई म्हणायलेत.”

“अहो वहिनी, नुसतं पाणी टाकायचंय.”

“न्हाई म्हणलं ना त्यांनी!”

चारचौघांत, परपुरुषावर, तेही एवढ्या मोठ्या माणसावर मी असा आवाज आयुष्यात चढवला नव्हता. तो खांदे उडवून मागं झाला. मोटारसायकलवाला म्हणाला, “बरोबर हाय त्यांचं. आमच्या मामानं असंच उघडलं व्हतं, सगळं तोंड भाजलं.” मग त्यानं मोबाईल खिशात घातला. मोठी गाडी निघून गेली. जाताना त्या माणसानं यांना नमस्कार केला नाही, आणि ते यांनी बघितलं.

आम्ही इंजिन हाताला सोसेल इतकं थंड होईपर्यंत थांबलो. मी त्यांचा सदरा नीट केला. मोठ्यानं बोलले नाही. हळूच विचारलं, “आता उघडू?” ते म्हणाले, “न्हाई.” खूप वेळानं पुन्हा विचारलं. मग “हं.” कापड टाकून झाकण जरासं फिरवलं तरी आतून फुस्स झालं. पाणी भरलं, आणि घाट उतरून पहिलं गॅरेज लागलं तिथं गाडी दाखवली. रेडिएटरचा रबरी पाइप चिरला होता. गाडी एवढे दिवस उभी होती, तेव्हाच वाळला असावा.

टायरही तसेच झाले होते. नक्षी चांगली होती, म्हणून मला ते नव्यासारखेच वाटायचे. त्यांनी एका सकाळी खुर्चीतून वाकून टायरच्या बाजूच्या बारीक भेगांत नख घालून दाखवलं. पुढचे दोन लगेच बदलले, मागच्या दोन्हींचं नंतर बघू म्हणून ठेवलं. त्यातलाच एक पालीच्या पुढं फुटला. नशीब, वेग नव्हता.

या वेळी मी गांगरले नाही. हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला दगड लावले, त्यांना दार उघडून सावलीत बसवलं. स्टेपनीतली हवा दर पंधरवड्याला बघायला त्यांनीच लावलं होतं. नट आधी ढिले करायचे, मग गाडी उचलायची, हे त्यांच्या एका ‘न्हाई’मुळं समजलं. मी जॅक लावायला निघाले होते. नट इतके घट्ट होते की पान्यावर उभी राहिले, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. निघालेले नट त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवत गेले. त्यांनी मूठ मिटली ती शेवटपर्यंत उघडली नाही.

एक टेम्पो थांबला. आत लग्नाला निघालेल्या बाया आणि पुरुष. “ताई, माणूस बसलाय की हो बाजूला, आन् तुमी कावून?” एकानं खिडकीतून विचारलं. बाया हसल्या. मी मान खाली घातली.

“जा,” हे म्हणाले.

स्पष्ट. इतक्या महिन्यांतला तिसरा शब्द. टेम्पोवाल्याला काय कळलं देव जाणे, पण तो गेला.

बीडला पोचलो तोवर व्यायामाची वेळ टळली होती. तिथं व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. बाहेर चहाची टपरी होती. नेहमी मी चहा गाडीत आणून, काच वर करून त्यांना पाजायची, म्हणजे सांडलेलं कुणाला दिसू नये. त्या दिवशी मी दोघांचे गिलास घेऊन आले तर त्यांनी मान हलवली, दार ढकललं आणि पाय बाहेर काढला.

“इथं? लोक हायेत,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले.

त्यांना धरून बाकावर बसवलं. गिलास त्यांनी स्वतःच्या डाव्या हातात घेतला. निम्मा चहा हनुवटीवरून सदऱ्यावर गेला. समोरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली. एकजण आमच्याकडच्या गावातला होता, त्यानं भाऊंना ओळखलं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. माझा हात पदराकडं गेला. हाताला ग्रीस होतं, नखं काळी झाली होती. मला त्यांच्या सदऱ्याची लाज वाटत होती, माझ्या हातांची वाटत होती, आणि ती वाटते याचीही वाटत होती. पदर तसाच सोडला. त्यांचं तोंड पुसलं नाही. माझा चहा गार होत आला होता, तो उचलून मी त्यांच्या शेजारी बसून प्यायला लागले.