कुंपणाचं फुटेज

“ती रडेल ना?” ब्रायनने हळूच विचारलं. कॅमेरामन अजून दिवे लावत होता.

“अकाउंटिंग शिकते ती,” मी म्हटलं. “टॅक्सबद्दल विचारलंस तर रडेलही.”

तो हसला नाही. ब्रायन शिकागोतल्या एका चॅनेलचा प्रोड्यूसर. मी नेपरव्हिलजवळच्या एका कॉलेजात मीडिया रिलेशन्स बघते. म्हणजे कॉलेजची चांगली बातमी चॅनेलपर्यंत पोचवायची, आणि वाईट बातमी आपणहून पोचली की फोन उचलायचा. ब्रायनला ‘अनडॉक्युमेंटेड’, म्हणजे या देशात राहायची कागदपत्रं नसलेली विद्यार्थिनी हवी होती. त्याच्या डोक्यात ती तयारच होती: वर्गात पहिली, आई हॉटेलात भांडी घासणारी, काळोखात मेक्सिकोच्या सीमेवरची नदी ओलांडून आलेली.

मी त्याला दिली ईशा. नाव अर्थात बदललं आहे. ग्रेड्स बऱ्यापैकी, आई घरी लोकांची मुलं सांभाळते, आणि नदीशी काही संबंध नाही. ती चार वर्षांची असताना वडिलांच्या वर्क व्हिसामागोमाग पुण्याहून इथे आली. वडिलांची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला, मग वडील परत गेले ते गेलेच. आई ‘होईल काहीतरी’ म्हणत थांबली. काही झालं नाही.

मुलाखत द्यायची कल्पना ईशाचीच. आमच्या मराठी मंडळातल्या ओळखीमुळे ती मला मावशी म्हणते. “मावशी, प्रत्येक न्यूजमध्ये तेच बॉर्डरचं कुंपण दाखवतात,” ती माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली होती. “आय केम ऑन अ प्लेन! एकदा कुणीतरी हे सांगायला पाहिजे.”

“आणि कुणी ओळखलं तर?”

“तर आईला जावं लागेल. मलापण. म्हणून तर तुझ्याकडे आले.”

नाव नाही, चेहरा नाही, ही अट ब्रायनने लगेच मान्य केली. अशा मुलाखतींची कृती ठरलेली असते. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे नुसती काळी आकृती दिसते. त्याला सिल्हुएट म्हणतात. आवाज नंतर कॉम्प्युटरवर जाडा करतात.

ब्रायनने पहिला प्रश्न टाकला. “तो प्रवास कसा होता?”

“विंडो सीट होती,” ईशा म्हणाली. “मला उलटी झाली.”

ब्रायनने माझ्याकडे पाहिलं. “व्ह्यूअर गोंधळेल,” तो पुटपुटला.

माझं लक्ष मॉनिटरवर होतं. चेहरा खरंच दिसत नव्हता. दिसत होती कमरेपर्यंतची वेणी, आणि बोलताना हवेत नाचणारे दोन हात. आमच्या मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन दर वर्षी ईशा करते. ही सावली पाहून मंडळातली कोणीही बाई चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली असती, ‘अगं, ही तर वर्षाची ईशा!’ मायलेकींची परिस्थिती तिथे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलंच तर ईशाची आई वर्षा सांगते, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ आमच्यात प्रत्येकाचं काही ना काही वर्षानुवर्षं प्रोसेसमध्ये असतं. पुढे कुणी खोदत नाही.

“थांबवा,” मी म्हटलं. “हे वापरता येणार नाही.”

“चेहरा काळाकुट्ट आहे!”

“आमची माणसं चेहऱ्यावर थांबत नाहीत. वेणीवरून ओळखतात, हातवाऱ्यांवरून ओळखतात. आणि मग एकमेकांना फोन करतात.”

“मग मी दाखवू काय?”

“तो तुझा प्रश्न. तिचे शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात घे. आणि तयार झालं की आधी मला दाखव.”

“चॅनेल असं कधीच करत नाही.”

“बरं. आमचा नवा बास्केटबॉल कोच सोमवारी पहिली मुलाखत देणार आहे. कुठल्या चॅनेलला, ते ठरलेलं नाही.”

ब्रायनने पत्रकारितेच्या तत्त्वांचा विचार केला. फार वेळ लागला नाही.

ईशा मात्र चिडली. “वेणी गेली, आवाज गेला. मग माझं राहिलं काय, मावशी?”

“विमान,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी तयार बातमी माझ्याकडे आली. कुणा मुलीचा गोड आवाज सांगत होता: विमान, विंडो सीट, उलटी. आणि पडद्यावर कुंपण. मग आणखी कुंपण. मग टोपीवाल्या माणसाची पाठ, आणि टोमॅटो चिरणारे कुणाचे तरी हात. याला बी-रोल म्हणतात. बोलणं चालू असताना वर चिकटवायची दृश्यं, बहुतेक जुनीच.

मी फोन लावला. “ब्रायन, ती ‘विमानाने आले’ म्हणते आणि तू कुंपण दाखवतोस?”

“आमच्या लायब्ररीत इमिग्रेशनखाली तेच आहे.”

“आणि विमान?”

“ते ट्रॅव्हलखाली आहे.”

मी बातमी पुन्हा पाहिली, या वेळी मंडळातल्या बायकांच्या डोळ्यांनी. ईशा कुठेही नव्हती. तिला पाठवली. खूप वेळाने तिचा मेसेज आला: “इट्स सो डंब. बट आई सेफ आहे ना?” मी ‘हो’ लिहिलं. “देन ओके,” तिने कळवलं. बातमी शुक्रवारी लागली.

शनिवारी मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण. सुलभाकाकू पस्तीस वर्षं या देशात आहेत आणि टीव्हीवरचं सगळं बघतात. ताट घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या.

“तुमच्या कॉलेजातल्या मुलीची बातमी पाहिली ग. काय धडधडीत खोटं बोलतात ही माणसं! म्हणे विमानाने आले. मागे कुंपण दिसत होतं की!”

ईशा शेजारीच वाढत होती.

“काकू, कोशिंबीर?”

“घाल थोडी. बघ, अशी गुणी मुलं दाखवा म्हणावं टीव्हीवर.”

“मावशीला सांगा,” ईशा म्हणाली. “तिच्या हातात असतं ते.” आणि भांडं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली.

चुकीची बातमी दुरुस्त करून घ्यायचा मला पगार मिळतो. चॅनेलला पाठवायची खरमरीत ई-मेल मी शुक्रवारीच लिहून ठेवली होती. सोमवारी ती डिलीट केली आणि कोचची मुलाखत ब्रायनला दिली. तेव्हापासून कुणाला लपवायचं असलं की मी दिवे, खिडकी वगैरेच्या भानगडीत पडत नाही. फुटेज चॅनेलला निवडू देते.