सगळ्यांना एकच हळदीचं फडकं

मंडळी, आमच्या घरात चौघांचेही डोळे आलेत. आधी माझ्या एकटीचेच आले होते. सासूबाईंनी मायेनं हळदीचं फडकं करून दिलं आणि तेच फडकं घरभर सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरलं.

आज लोह्याला डॉक्टरकडं दाखवायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल हाय, आठ-दहा दिवसांत उतरंल. पण मावशी, रुमाल ज्याचा त्याला."

घरी येऊन सासूबाईंनी जुनं लुगडं फाडलं, चार रुमाल करून धुतले आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा शिवला. हळद लावली न्हाई.

म्हणाल्या, "डोळे पाव्हण्यावानी आलेत, तसेच जातील. आपण कशाला त्यायला घरभर फिरवावं?"

तुमच्या घरी एक टॉवेल किती जणांत हाय?