एकबोटी वहिनी

सकाळी चूल पेटली की वहिनी ओसरीवर यायची आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायची. ते बोट म्हणजे त्या दिवसाचं एक काम. घरात लहानमोठी सतरा माणसं, गोठ्यात जनावरं, शेतावर मजूर. कामांना अंत नव्हता. पण वहिनी एकच काम सांगायची. ते व्हायलाच हवं. बाकीचं झालं तर झालं, नाही तर राहिलं. भातकुलीजवळच्या आमच्या गावात तिला सगळे 'एकबोटी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

एकदा तिवश्याची आमची आत्या न कळवता येऊन उतरली. त्या दिवशीचं बोट धान्याच्या कणग्या लिंपण्याचं होतं. वहिनीने आत्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि मातीचं टोपलं तिच्यापुढे सरकवलं. "आत्याबाई, पाहुणचार उद्या. आज माती धरा." आत्या बडबडत, नाक मुरडत दुपारपर्यंत लिंपत बसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिला पुरणपोळी मिळाली आणि डोक्याला तेल चोळून मिळालं. वहिनीच्या बोटात नातंगोतं, मानपान असल्या गोष्टी बसत नसत.

मग कापसाचे दिवस आले. दूर कुठे साता समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, पार बदलून गेला. त्याने ज्वारीचं शेत मोडलं, मिरची-वांग्यांचा मळा मोडला आणि सगळीकडे कापूस लावला. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली. घरात ज्वारी विकत यायला लागली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "आता कापूसच शिजवतो मी." दादा हसला. त्या दिवसांत तो कशालाही हसत असे.

त्या माघात कोंडीचे डोळे आले. कोंडी ही वहिनीची एकुलती एक पोर, सात वर्षांची. आधी डोळे लाल झाले, मग सुजले, मग ती उजेडाला तोंड करीना. वहिनीने बोट वर केलं. "आज कोंडीले अमरावतीच्या वैद्याकडं नेणं." दारात तीन गाड्या कापसाने भरून जुंपून तयार होत्या. दादा म्हणाला, "बाजार चढून राहिला. परत आल्यावर नेऊ. डोळे का पळून जाते?"

"पोत्यावर बसवा पोरीले. जाता जाता सोडा."

"बैलायले आधीच ओझं झालं. थांब म्हटलं ना."

पहिल्या गाडीवर मी होतो. वीस वर्षांचा घोडा, अंगात नवी बंडी. वहिनी माझ्या गाडीच्या चाकाशी उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमी तरी." मी दादाकडे पाहिलं आणि बैलांना चुचकारलं. पुढे बाजारात गाड्यांची रीघ लागली होती, परतायला चार दिवस लागले. आलो तेव्हा कोंडीच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, दिसणं गेलं होतं. वैद्याने पाहिलं आणि म्हणाला, दोन दिवस आधी आणली असती तर. त्याचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही.

वहिनी रडली नाही, भांडली नाही. रोज सकाळी ती बोट वर करी आणि काम सांगे. दादाला वाटलं, झालं गेलं, बाई विसरली. मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

कार्तिकात बोंडं फुटली. आमच्याकडे कापसाची वेचणी सीतादह्याशिवाय होत नाही. घरच्या मोठ्या मालकिणीने शेतात जाऊन झाडाची पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मग वेचणाऱ्या बाया कापसाला हात लावतात. आमची आई कधीच गेलेली, म्हणून हा मान वहिनीचा. कापसाच्या धुंदीत दादाने सगळ्याचा हिशेब धरला होता, फक्त हे विसरला होता.

वेचणीच्या सकाळी बाया बांधावर येऊन बसल्या. वहिनीने ओसरीवर बोट वर केलं. "आज कोंडीची वेणी घालणं."

दादा म्हणाला, "अन् सीतादही?"

"थांबा. कापूस का पळून जाते?"

दुसऱ्या दिवशी कोंडीचा परकर शिवणं. तिसऱ्या दिवशी कोंडीला बोटाने चाचपून धान्य ओळखायला शिकवणं. दादा आधी ओरडला, मग विनवू लागला. त्याने माझ्या बायकोला सीतादही कर म्हटलं, तर ती पदर तोंडाशी धरून आत पळाली. बांधावरच्या बाया म्हणाल्या, "मालकीणबाई जित्या असता दुसरीच्या हातानं आमी नाई वेचत." शेत पांढरंफेक फुललं होतं आणि दादा त्याच्या काठाकाठाने फिरत होता. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि कोसळलं. भिजलेली बोंडं काळवंडली, चिखलात लोळली. खोटं कशाला बोलू, मला त्या पावसाने बरं वाटलं. संध्याकाळी वहिनी चिखल तुडवत गेली आणि दहीभात शिंपडून आली. "घ्या वेचून," ती म्हणाली. पुढे लढाई संपली, भाव उतरला, आणि तसं पीक तसल्या भावात दादाला पुन्हा दिसलं नाही. वहिनीचा त्याच्यावरचा सूड पुरा झाला. माझ्यावरचा राहिला होता.

मी पुढे अकोल्याला कचेरीत लागलो. बारा वर्षांनी निरोप आला, वहिनीचा दम उखडतो, अंथरुणाला खिळली आहे. मी रजा टाकून गाव गाठलं आणि बैलांची दमणी जुंपली. "वहिनी, अमरावतीला चला. आता तिथं सरकारी डॉक्टर आहे." ती नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण ती मुकाट्याने गाडीत बसली. कोंडीला तिने शेजारी घेतलं. मी बैल जोरात हाकले. ऊन डोक्यावर यायच्या आधी आम्ही अमरावतीच्या वेशीत होतो. दवाखान्यासमोर गाडी उभी केली आणि तिला उतरवायला हात पुढे केला.

तिने हात घेतला नाही. दाराकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच होतं ना हो भाऊजी? जेवायची वेळसुद्धा नाई झाली."

कोंडी कान टवकारून ऐकत होती.

"फिरवा गाडी," वहिनी म्हणाली. "मले फक्त तुमाले रस्ता दाखवाचा होता."

मी गाडी फिरवली.