नागपूरला ऐकू जाईल असा आवाज

माझा आवाज बसला तेव्हा आमच्या घरात जो आनंदीआनंद झाला, तो मी स्वतः पाहिला आहे. नुसतं बसून बघणं, तेवढंच काम मला उरलं होतं.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं एक वाक्य शेवटपर्यंत गेलं," बायको तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती. "अगं, शप्पथ! मध्ये कोणी तोडलंच नाही. मलाच कळेना, आता थांबायचं कुठे."

मी इंग्लंडात, रीडिंगमधल्या एका ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणजे थोडक्यात बोलण्याचा पगार घेतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जे नाटक होतं त्यात खलनायक मी असतो आणि माईक लावून घेत नाही, कारण त्याने माझा अपमान होतो. पण हे सगळं किरकोळ. माझ्या गळ्याचं खरं काम असायचं दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा वर करून, नागपूरला वडिलांना व्हिडिओ कॉल करायचो.

वडील एकटे राहतात. निवृत्त हेडमास्तर, ऐंशी कधीच ओलांडलेली, तब्येत ठणठणीत, कान मात्र कामातून गेलेले. कानात मशीन घालायचं नाही, कारण मशीन म्हातारे लोक घालतात. मेसेज वाचायचे नाहीत, कारण लिहून येतो तो निरोप वाईटच असतो, असा त्यांचा पक्का समज. राहता राहिला माझा गळा. "बाबा, जेवलात का?" हे मी अशा पट्टीत विचारायचो की एकदा सिक्युरिटीच्या माणसाने काचेवर टकटक केलं आणि फार सौम्यपणे विचारलं, "सगळं ठीक आहे ना, साहेब? कोणाला बोलावू का?"

आवाज फाटायला लागला तेव्हा आधी मध झाला, मग हळद-दूध, मग ज्येष्ठमध. शेवटी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर बाईंकडे गेलो. आवाज महिन्याभरापासून असा आहे म्हटल्यावर त्या बाईंनी हसणं थांबवलं आणि लगेच हॉस्पिटलला कळवलं. भिण्यासारखं काही असलं तर ते लवकर कळलेलं बरं, असं म्हणाल्या. हे वाक्य ऐकून माणूस किती भितो, हे सांगायला नको.

घरी आल्यावर बायकोने ताबडतोब फोन उचलला. मंडळातले एक डॉक्टर त्याच हॉस्पिटलात आहेत. आपला माणूस आत असताना त्याला न सांगता हॉस्पिटलची पायरी चढायची, ही कल्पनाच आम्हाला झेपणारी नव्हती.

"डॉक्टर, जरा ओळख लावून यांचा नंबर लवकर लागला तर..."

"वहिनी, मी बघितलं," डॉक्टर थोड्या वेळाने उलट फोन करून म्हणाले. "त्यांचा नंबर लागलाय. पुढच्या आठवड्यात. आता मी मध्ये पडलो तर फक्त उशीर होईल."

तिचा चेहरा पडला. नंबर लागल्याचा आनंद होताच, पण एवढी चांगली ओळख वाया गेली, याचं दुःख जास्त होतं.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने माझ्या नाकातून कॅमेरा आत घातला. मी मोठ्या माणसासारखा बसलो, असं बायको लोकांना सांगते. ते खोटं आहे, मी तिचा हात चुरगाळला होता. कॅमेरा बाहेर काढला तसा तो डॉक्टर सगळ्यात आधी म्हणाला, "कॅन्सर नाही." आधी ते, मग नमस्कार-चमत्कार, मग बाकीचं. हा क्रम त्याला ज्याने कोणी शिकवला असेल त्याला मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

मग त्याने पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे माझे स्वरतंतू, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक बारीक गाठ. "हे घट्टे आहेत. ओरडून ओरडून पडतात. शिक्षकांना होतात, गाणाऱ्यांना होतात. तुम्ही गाता का?"

"नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "मी नागपूरला फोन करतो."

त्याने ऑपरेशन आत्ता नको म्हणून सांगितलं. आधी स्पीच थेरपी. पण ओरडणं आजपासून बंद. ते चालूच राहिलं तर गाठी घट्ट होतील, मग ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर जुना आवाज परत येईलच याची खात्री नाही.

आता हॉस्पिटलचं कौतुक करायचं ठरवलं म्हणून खोटं बोलणार नाही. थेरपीची रांग लांब होती. हिवाळ्यात झाडं उघडी होती तेव्हा नाव लागलं आणि माझी वेळ आली तेव्हा मे महिना उजाडला. त्या मधल्या काळात मी वडिलांना रोज फोन करायचो आणि हळू बोलायचो.

"हॅलो? हॅलो? अरे, तोंड हलवून राहिला, बोलत काहून नाही?"

मी घशाकडे बोट दाखवायचो. ते म्हणायचे, "पाणी पी." मग माझ्याकडे बघत बसायचे. एक दिवस म्हणाले, "तुला नसेल बोलायचं तर नको बोलू. मी समजलो." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणंच सोडलं. ओरडावं तर आवाज कायमचा जाणार, न ओरडावं तर वडील जाणार, अशी माझी अवस्था. खलनायकाच्या भूमिकेत इतकी वर्षं घालवली, पण असा पेच एकाही नाटकात नव्हता.

थेरपिस्ट बाई स्कॉटलंडच्या. लाल केस, पायात धावायचे बूट. त्यांनी मला ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून गुणगुणायला लावलं. घरी मी ते इमानेइतबारे करायचो आणि बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, म्हशी पाण्यात बसल्या का?" पण पहिल्याच भेटीत त्यांनी घशापेक्षा जास्त चौकशी वडिलांची केली. ते फोन कुठे धरतात? खोलीत उजेड असतो का? ऐकू येत नाही म्हणजे काय ऐकू येत नाही, आवाज की शब्द? मला वाटलं, बाई गप्पिष्ट आहेत. आमचं जमेल.

जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी फोन चार्ज करून आणा. आपण त्यांना इथून फोन करू."

"पण पेशंट मी आहे ना?"

"हो. पण तुमचं दुखणं नागपूरला आहे."

पुढच्या वेळी वडील फोन उचलतील की नाही, याची धाकधूक घेऊनच गेलो. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला गेला आणि पडद्यावर अर्धं कपाळ आणि सगळं छत दिसलं. आणि त्याचबरोबर जो घरघराट खोलीत घुमला, त्याने बाई खुर्चीत मागे सरकल्या.

"ते विमानतळावर आहेत का?"

मी हसत सुटलो. तो आमचा कूलर होता. खिडकीएवढा पत्र्याचा डबा, आत पंखा, बाजूला वाळ्याची ताटी, ताटीवरून पाणी. नागपूरच्या मे महिन्यात माणसं त्याच्याच जोरावर जगतात, आणि हिवाळ्यात गोंगाटाचं त्याचं काम टीव्ही करतो. मी त्याच आवाजात लहानाचा मोठा झालो, म्हणून मला तो ऐकूच येत नव्हता. इतकी वर्षं मी वडिलांच्या कानांशी भांडत नव्हतो, कूलरशी भांडत होतो.

बाईंनी कागद पुढे केला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "कूलर बंद करा", आणि कॅमेऱ्यासमोर धरला. हेडमास्तरांनी ते मोठ्याने वाचलं.

"कूलर? काहून? इथं अंगाची लाही होऊन राहिली!"

मी कागद हलवत राहिलो. बाईंनीही हात जोडले, कोणी शिकवलं होतं कोण जाणे. एक परकी बाई हात जोडते म्हटल्यावर नुसत्या बनियनवर बसलेले वडील दचकले, शर्ट शोधायला उठले आणि जाता जाता त्यांनी कूलर बंद केला.

काय ती शांतता! बाई पटापट सांगू लागल्या: फोन डोळ्यांसमोर धरायला सांगा. तुम्ही खिडकीकडे तोंड करा, ओठ दिसू देत. पट्टी वर नेऊ नका, उतारवयात उंच पट्टीचं ऐकू येणं आधी जातं, तुम्ही ओरडता तेव्हा नेमके त्यांना न ऐकू येणाऱ्या पट्टीत जाता. खाली बोला. छोटी वाक्यं. मध्ये थांबा.

वडील शर्ट घालून आले तेव्हा फोन कसा धरायचा ते मी कागदावर लिहून दाखवलं. मग छातीतून, खाली, अगदी सावकाश म्हटलं, "बाबा. जेवलात का?"

"जेवलो ना. असा थांबून थांबून काहून बोलून राहिला? मी काय बहिरा आहे?"

बाईंना भाषा कळली नाही, पण माझा चेहरा कळला. त्यांनी खुर्ची जरा लांब ओढली.

मी वडिलांना सगळं सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत. आवाज गेला होता. रुसलो नव्हतो. घशात गाठी आल्या. ओरडून आल्या. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

"माझ्यामुळे?"

"नाही बाबा. कूलरमुळे."

त्यांनी वळून कूलरकडे पाहिलं. कपाळावरून घाम गळत होता, तो त्यांनी पुसला नाही. "हां," म्हणाले. "तो फार आवाज करते. तुझा फोन असला की बंद ठेवीन." मग चष्मा नीट करून म्हणाले, "त्या बाईंना दे."

मी फोन वळवला. हेडमास्तरांनी शर्टाची बटणं तपासली आणि परिपाठाला बोलावं तशा इंग्रजीत सुरुवात केली. "मॅडम, मी आपला आभारी आहे. एकच विनंती. माझा मुलगा लहानपणापासून फार बोलतो. आवाज दुरुस्त करा, पण पूर्ण दुरुस्त करू नका."

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं, आवाज खाली आणला आणि गंभीरपणे, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "काळजी नको, सर. तेवढं आमच्या हातात नाही."