कुंभारणीचं घर

नांदेडच्या धावपट्टीवर तेव्हा विमान शिकवणारी एक संस्था होती. बंद पडून जमाना झाला, आता नाव कशाला घ्यायचं. तिथं शेड झाडायची, रांजण भरायचा आणि विमानाच्या काचा पुसायच्या, ही सुमनबाईंची कामं. दोन माणसांचं ते चिमुकलं विमान पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "हे तर आमच्या दळणाच्या डब्याहून जरा मोठं." पुढं त्याच डब्याला त्या पोटच्या पोरासारख्या जपायला लागल्या.

विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढं आलेली असते. तिच्यात वारा शिरला की आतला वेगाचा काटा हलतो. संध्याकाळी त्या नळीला तांबड्या कापडाची टोपी घालायची आणि सकाळी काढायची, हेही काम बाईंकडंच. टोपी त्यांनी स्वतःच्या जुन्या परकराची शिवली होती. शिकवणारे व्यंकटराव साहेब म्हणायचे, "आमचं विमान सुमनबाईंच्या परकरावर चालतंय." बाई तोंडावर सुनवायच्या, "मंग पगार वाढवा की."

साहेब पोरांना फळ्यापुढं बसवून विमानं का पडतात ते सांगत. पेट्रोलात पाणी जातं, वाऱ्याचा अंदाज चुकतो, धावपट्टीवर ढोरं येतात, उतरताना वेग कमी पडतो आणि विमान तोल सोडतं. पण सगळ्यांत जास्त विमानं पाडतो तो घाबरलेला माणूस, असं ते दर वेळी शेवटी ठासून म्हणत. ऐकणाऱ्या पोरांत देवणीचा सिद्धराम होता. मलप्पा आडत दुकानदाराचा एकुलता एक, अंगानं काटकुळा, बोलायला लाघवी. बाईंना मावशी म्हणायचा आणि त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकर हक्कानं खायचा.

ते साल दुष्काळाचं. लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तिथल्या नव्या कचेरीत बाईंच्या लेकाला शिपायाची नोकरी लागली होती. नोकरी होती, खोली होती, पण खोलीला पाणी नव्हतं. म्हणून सून पंचशीला नांदेडलाच सासूजवळ राहिली. तिला दिवस गेले होते. आधीचे दोन टिकले नव्हते, त्यामुळं घरात कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतं.

एके दिवशी सिद्धराम पहिल्यांदाच एकटा उडणार होता. बाईंनी टोपी काढली. साहेबांनी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, नळीही बघितली. तेवढ्यात धुळीची वावटळ उठली. जरा निवू द्या म्हणत सगळे चहाला गेले. टोपी परत घालायला कुणी सांगितलं नाही, बाईंनाही सुचलं नाही.

रांजणाखाली बाईंनी भांडी विसळली होती. आख्ख्या माळावर ओली म्हणावी अशी तेवढीच जागा. तिथं एक कुंभारीण आली. चिखलाच्या गोळ्या नेऊन भिंतीला घर बांधणारी ही माशी कुणाच्या ओळखीची नाही? बाई तिच्याकडं बघत राहिल्या. माशीनं गोळी उचलली आणि सरळ जाऊन पंखाखालच्या नळीत शिरली. बाहेर आली, पुन्हा गोळी घेऊन गेली.

बाईंनी खराट्याची काडी मोडून हातात घेतली. नळीपर्यंत गेल्या आणि हात थबकला. घरात पोटुशी बाई असताना कुंभारणीचं घर मोडायचं नसतं, असं त्यांची आजी म्हणायची. आता बघा, छप्पन साली बाईंच्या सासऱ्यानं घरातले सगळे देव टोपल्यात घालून गोदावरीत सोडले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्याच बाई शेजारणींना अंधश्रद्धेवर चार शब्द सुनवायच्या. आणि एका माशीपुढं त्यांची मती गेली. पंचशीलेचं सुकलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं. एवढीशी माशी, एवढासा चिखल, त्यानं काय व्हतंय, असं मनाला सांगून त्यांनी काडी टाकून दिली.

सिद्धराम आला, घाईत बाईंच्या पायाला हात लावून विमानात चढला. बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण नळी तर साहेबांनी बघितली होती. आपण कशाला मधी तोंड घालायचं, म्हणून त्या गप्प बसल्या.

विमान उडालं ते बरं उडालं. एक चक्कर मारून उतरायला वळलं आणि वळतानाच हळू पडल्यासारखं दिसलं. साहेब ओरडले, "वेग, अरे वेग!" वर त्या पोराला कुठून ऐकू जाणार. विमान एका पंखावर कलंडलं आणि कुंपणापलीकडच्या नांगरटीत नाकावर आदळलं.

पोरगा वाचला. पायाचा मात्र चुरा झाला होता. जीपमध्ये घालताना तो एकच सांगत होता, "सर, काटा हललाच न्हाई. शून्यावरच व्हता." साहेबांनी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि बाईंना म्हणाले, "पोलीस येईपर्यंत तुम्ही इथं थांबा. कुणाला हात लावू देऊ नका."

हात लावला तो बाईंनीच. नळी शाबूत होती आणि तिच्या तोंडाशी वाळलेला चिखल होता. त्यांनी बाभळीचा काटा घेतला आणि सगळं कोरून काढलं. चिखलाबरोबर एक हिरवी अळी खाली पडली, पिलांसाठी कुंभारणीनं आणून ठेवलेली. बाईंनी ती मातीत दाबली आणि तोंडानं नळी फुंकून साफ केली. या वेळी त्यांच्या मनात पंचशीला नव्हती. नोकरी होती, पोलीस होते. हे त्यांनी पुढं कितीदा स्वतःपासून लपवायचा प्रयत्न केला, पण ते लपलं नाही.

चौकशीला बाहेरून दुसरे अधिकारी आले. त्यांनी नळी तपासली, ती मोकळी निघाली. मग पोरगा घाबरला, काट्याकडं बघायचं विसरला आणि वर खोटं बोलतोय, असं ठरलं. सिद्धरामचं शिकणं संपलं. चौकशीच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या सुमनबाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि त्याही मूग गिळून बसल्या.

पंचशीलेला मुलगा झाला. धडधाकट, रडायला खणखणीत. बारशाला लोक म्हणाले, आजी का हो अशी कोमेजली. नातू मांडीवर आला की बाईंना दुसऱ्याचा पोरगा आठवायचा, जीपमध्ये आडवा घातलेला. शेवटी त्यांनी व्यंकटराव साहेबांना गाठून सगळं सांगितलं.

"चहानंतर मी नळी परत बघायला पायजे होती," ते म्हणाले. "हे बाहेर गेलं तर माझं लायसन जाईल, तुमची नोकरी जाईल. आणि पोराचा पाय तर काही सरळ होणार नाही. जाऊ द्या आता."

जाऊ द्या म्हणणारा माणूस भेटला की आपल्याला हलकं वाटतं. बाईंनाही दोन दिवस वाटलं. मग एका दुपारी नातवाला तेल लावताना त्या पंचशीलेजवळ बोलून गेल्या. वर म्हणाल्या, "तुझ्यासाठीच केलं ग बाई. ह्या लेकरासाठी."

पंचशीलेनं त्यांच्या पुढ्यातलं पोर उचलून घेतलं. "आत्या, माझ्या लेकराच्या नावावर हे टाकू नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "माशीला न्हाई मारलं ते माझ्यासाठी आसंल. नळी कोरली ते कुणासाठी?"

दुसऱ्या सकाळी बाईंनी देवणीची वाट धरली.

दुकानात सिद्धराम तराजूजवळ बसला होता, काठी बाजूला टेकवलेली. बाईंना बघून त्याचा चेहरा उजळला, आणि त्या उजेडाकडं बाईंना बघवेना. तो पाणी मागवायला निघाला तशा त्या म्हणाल्या, "आधी ऐक. मंग दे वाटलं तर." आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माशी, काडी, बाभळीचा काटा, अळी. कुठंही स्वतःला सोडलं नाही.

सिद्धरामनं तराजूचं हलतं पारडं हातानं थांबवलं. मग म्हणाला, "मावशी, मला आता वाटायला लागलं व्हतं की काटा हलत आसंल. मीच खोटं बोलून राहिलो आसंन. सगळेच म्हनायले तर." त्यानं आतल्या दाराकडं तोंड करून आईला हाक मारली, "अव्वा, अप्पांना बाहेर यायला सांग."

आईच्या तोंडून सांगायचं कारण होतं. पोरगा भेकड निघाला, वर खोटं बोलला, म्हणून मलप्पांवर गावात मान खाली घालायची पाळी आली होती. विमान पडल्यापासून ते पोराशी बोलत नव्हते. जेवलास का, औषध घेतलंस का, सगळं त्याची आई गुरम्मा इकडून तिकडं पोचवायची.

मलप्पा आले, गादीवर बसले. सिद्धराम बाईंना म्हणाला, "परत सांगा. पैल्यापासून."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. मलप्पांनी मध्ये एकदाच विचारलं, "चौकशी चालली तवा तुम्ही कुठं व्हता?"

"तिथंच. दारात."

"आणि गप?"

"हाव. गप."

मलप्पा गादीवरून पुढं सरकले. "हेच नांदेडला, सगळ्यांम्होरं बोलाल?"

बाईंनी येताना एसटीत या प्रश्नाची वाट काढून ठेवली होती. मी अडाणी, मला कोर्टकचेरी कळत न्हाई, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण समोर सिद्धरामची काठी होती आणि तो त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हता, बापाकडं बघत होता.

"बोलते," बाई म्हणाल्या. "उद्या म्हनाल तर उद्या."

माफ केलं असं कुणी म्हटलं नाही आणि बाईंनी ते मागितलंही नाही. मलप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि पोराकडं वळले.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, अप्पा."

दारात उभी असलेली गुरम्मा खालीच बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.