बाजाराच्या दिवशीची मुलं

परदेशातल्या एखाद्या डॉक्टरचा लेख हवा असला की आम्ही त्याला छापील कार्ड पाठवायचो. आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी, एवढाच मजकूर. मग दीड-दोन महिने वाट बघायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी वर्ध्यात एमडी करत होते. पिपरी मेघेच्या घरून सायकलने निघाले की आधी डिपार्टमेंटचं टपाल बघायचे. पाकीट आलेलं असलं की दिवस चांगला जायचा. त्यावरचं तिकीट लायब्ररीतल्या काकांना द्यायचं, हे ठरलेलं. आता लेख एका क्लिकवर येतो आणि वाचायचा राहून जातो. तेव्हा आलेला प्रत्येक कागद वाचला जायचा. इतकी वाट बघितल्यावर न वाचून कसं चालेल?

आम्ही म्हणजे मी आणि माझे गाईड, सर. जुलाब झालेल्या मुलांना घरीच मीठ-साखरेचं पाणी द्यायला आयांना शिकवलं तर फरक पडतो का, या एका प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास आम्ही गोळा करत होतो. एकेक पारखायचा आणि भरवशाचे तेवढे एकत्र करून काय निघतं ते लिहायचं. असेच लेख छापणारी जर्नल तेव्हा नवीन होती आणि त्यांचा नियम कडक होता. पारख दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचं न बघता, आणि कुठे पटलं नाही तेही कळवायचं.

इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. सर आपले पारखीचे फॉर्म भरून टेबलावर उघडे ठेवायचे आणि मी माझे भरण्याआधी ते बघून घ्यायचे. आपण चोरी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्या घरी वडील जेवायला बसले की भाजी अळणी आहे हे त्यांच्याआधी दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. तीच शिस्त मी एमडीत नेली.

लेख पाठवल्यावर काही महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं. दोघांचा एकाही अभ्यासाबद्दल मतभेद नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं होतं. सर खूश झाले. आपले विचारच जुळतात असं कळवून टाकू म्हणाले. कबूल करावं तर सरांचा विश्वास जाणार, गप्प बसावं तर आजारी मुलांच्या नावावर खोटं छापलं जाणार. त्यात एक अभ्यास खुद्द सरांचा होता, तरुणपणी आष्टीकडच्या एका दवाखान्यात केलेला. वाचताना त्यातली चूक मला दिसली होती. तरी मी 'चांगला' लिहिलं, कारण सरांनी तसं लिहिलं होतं.

तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी आपला तो जुना लेख माझ्यापुढे सरकवला.

"तुले काय दिसलं ते सांग."

मी सांगितलं. बाजाराच्या दिवशी आलेल्या मुलांच्या आयांना पाणी करायला शिकवलं होतं, इतर दिवशी आलेल्यांना नाही, आणि मग दोघांची तुलना केली होती. पण बाजाराच्या दिवशी लांबच्या खेड्यांतली मुलं यायची, आठवडाभर दुखणं अंगावर काढलेली. इतर दिवशी गावातलीच यायची, आज जुलाब लागले की आजच. दोन गट मुळातच सारखे नव्हते.

सरांनी चष्मा काढला. "मी त्याच बाजारात भाजी घेत होतो. तरी मले नाई दिसलं. अन् तुले दिसलं, तर तू काऊन नाई बोलली?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडूच कोसळलं.

त्यांनी संपादकांना खरं ते कळवलं. आम्ही सगळी पारख पुन्हा केली, मी लायब्ररीत आणि सर आपल्या खोलीत. स्वतःच्या अभ्यासाला त्यांनी हातही लावला नाही, तो मी आणि त्यांच्या जागी शेजारच्या विभागातल्या मॅडमनी पारखला. इतके मतभेद निघाले की चहाच्या वेळी रोज भांडण व्हायचं. त्या भांडणांची मजा मला पुढे कुठल्याच मीटिंगमध्ये आली नाही. अजूनही ती भांडणं आठवतात.

अंक आला तेव्हा सर रिटायर व्हायला आले होते. लेखाच्या पहिल्या पानावर आमची दोघांची नावं होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाहीत. शेवटचा तक्ता उघडला, वगळलेल्या अभ्यासांचा. तिथे स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते दिवसभर येईल त्याला दाखवत होते, चहावाल्यालासुद्धा.

"हे माह्यं. आमच्या पोरीनं बाहेर काढलं."