ताठा आणि ताठपणा

श्रीधर गेल्याचा फोन भाच्याने केला. "आत्या, बाबा नाही राहिले... आप आ जाओ," एवढंच तो बोलला. आमच्या हिंदी मुलखातल्या धाकट्या पिढीला मराठी समजतं, पण दुःख ती हिंदीतच करते. राइट टाउनहून चेरीतालला ऑटोने जाताना माझ्या धाकट्या भावाचा चेहरा डोळ्यांसमोर यायला हवा होता. आठवत राहिला तो एक शब्द. आता महिना झाला, तरी तो पाठ सोडत नाही, म्हणून लिहायला बसले.

श्रीधर इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचा. उभा जन्म त्याने एकाच वस्तूपायी घालवला: ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये बारीक काड्यांची जाळी. असा पॅनल एका हाताने उचलायचा आणि मग दोन विटांवर ठेवून त्यावर स्वतः उभा राहून दाखवायचा. अर्थात, हाही वजनाने त्या पॅनलचाच भाऊ! प्रयोगशाळेत यंत्राखाली तुकडा दाबताना आतली पहिली काडी वाकली, की त्याचा दिवस सार्थकी लागे. ओझ्याने वाकलं किती हा एक प्रश्न आणि मोडलं कधी हा दुसरा, लोक उगाच दोन्ही एक समजतात, हे त्याचं पालुपद. एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही त्याने हा फरक समजावला होता. पंगत खोळंबली, पण हा थांबला नाही.

निवृत्तीनंतर इथल्या मराठी मंडळात त्याचं व्याख्यान ठरलं. जन्मभर हिंदी-इंग्रजीत शिकवलेलं आता आईच्या भाषेत सांगायचं, याचं त्याला केवढं अप्रूप! वही तपासायला माझ्याकडे घेऊन आला, कारण मी शाळेत मराठी शिकवलेली. मी वेलांट्या सुधारत गेले आणि एका शब्दाशी थांबले. न वाकण्याच्या गुणाला त्याने सगळीकडे 'ताठा' म्हटलं होतं. ताठपणापेक्षा आटोपशीर शब्द, असं त्याला वाटलं असणार. ताठा म्हणजे घमेंड, हे हिंदीत वाढलेल्या त्याच्या कानांना ठाऊकच नव्हतं. पण त्याच आठवड्यात त्याने माझ्या नवऱ्याला चारचौघांत अडाणी म्हटलं होतं, आणि माझा राग गेला नव्हता. मी तो शब्द तसाच सोडला.

"वजन कमी, पण ताठा भरपूर," असं त्याने व्याख्यान सुरू केलं. काटकुळ्या, मान वर करून उभ्या असलेल्या श्रीधरकडे बघून लोक पोट धरून हसले. कशाला हसतात, ते त्याला कळेना. पुढच्या रांगेतून कुणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. उरलेलं त्याने हिंदीत उरकलं आणि पुन्हा कधी मराठीत भाषण केलं नाही. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मला माझीच लाज वाटली...

पुढे कित्येक वर्षं तो दर रविवारी पोहे खायला येई, आणि आज सांगायचंच असं मी दर रविवारी ठरवी. तो जाण्याआधीच्या रविवारी कसंबसं सांगितलं. तो लिंबू पिळत होता.

"माहीत होतं मला, ताई. तुझ्या हातून कधी अनुस्वार सुटला नाही, अख्खा शब्द सुटेल काय?"

"मग इतकी वर्षं बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर इथं यायचं बंद झालं असतं."

एवढं म्हणून त्याने आणखी पोहे मागितले. ज्याला सगळं गाव ताठ म्हणायचं, तो माझ्यापुढे इतकी वर्षं वाकून राहिला होता, आणि मला पत्ता नव्हता. त्याच्यापुढे मला रडूही आलं नाही, आता येतं.

परवा भाचा ती वही घेऊन आला. मी लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून एकेक 'ताठा' खोडून वर 'ताठपणा' लिहीत गेले. भाचा शेजारी बसून बघत होता.

"आत्या, अब काहे को?" त्याने विचारलं.

मी पान उलटलं आणि पुढचा 'ताठा' खोडला.